चारात एक

विदर्भातील एका रुग्णालयात जनुकीय समुपदेशक म्हणून रुजू झाले, तेव्हा आनुवंशिकता समजावून सांगणे हाच कामाचा अवघड भाग असेल असे वाटले होते. खरी कसोटी लागते ती सगळे समजावून झाल्यावर.

आमच्याकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असलेली, म्हणजे स्वतः आजारी नसूनही त्याचे जनुक बाळगणारी, जोडपी पुष्कळ येतात. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. मागे आलेल्या एका जोडप्याचा थोरला मुलगा सिकलसेलग्रस्त होता आणि सून पुन्हा गरोदर होती. "आमच्या घराण्यात असले काही नाही," असे सासूबाई ठामपणे सांगत होत्या, मात्र त्यांच्या मुलाच्या, म्हणजे नवऱ्याच्याही रक्तात हिमोग्लोबिन एस हे सिकलसेलचे सदोष हिमोग्लोबिन असल्याचा अहवाल समोर आल्यावर त्या गप्प झाल्या. मग त्यांनी विचारले, "चारात एक म्हणता ना? एक झाला आजारी, आता पुढचे तिघे चांगले निघतील." मी डब्यात तीन पांढरी आणि एक लाल बटण टाकले आणि काढलेले बटण दर वेळी परत टाकायला सांगितले. त्यांच्या हाती लागोपाठ दोनदा लाल आले. शक्यता दर गरोदरपणात नव्याने 25 टक्केच असते, हे त्यांना तेव्हा पटले.

गर्भाला आजार आहे का हे पाहण्यासाठी गरोदरपणाचे अकरा आठवडे पूर्ण झाल्यावर वारेचा सूक्ष्म नमुना सुईने काढून तपासता येतो. त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, तोही सांगावाच लागतो. "एवढे तपासताच आहात, तर मुलगा की मुलगी तेही सांगा," ही मागणी बहुधा येतेच, आणि 1994 च्या कायद्याने तो गुन्हा आहे हे न चिडता सांगण्याची सवय करून घ्यावी लागते.

या जोडप्याच्या गर्भाला सिकलसेल असल्याचे निदान झाले. आजार किती तीव्र होईल हे अहवालावरून सांगता येत नाही. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात, पण सगळ्यांना सारखा गुण येत नाही. "मॅडम, तुम्हीच सांगा," असे नवरा वारंवार म्हणत होता. मत न देणे हा आमच्या प्रशिक्षणातला पहिला धडा असला, तरी डॉक्टरांचा शब्द प्रमाण मानणाऱ्या माणसाला ते अंग काढून घेणे वाटते, आणि त्याचे चुकते असे मला वाटत नाही. मी सुनेशी एकटीशी बोलले. थोरल्याचे आजारपण तिनेच काढले होते. तिने गर्भ ठेवायचे ठरवले, नवऱ्याने साथ दिली, सासूबाईंना मात्र ते रुचले नाही.

आता प्रश्न नणंदेचा आहे. तिच्यासाठी स्थळे पाहणे सुरू आहे, तिची तपासणी झालेली नाही, आणि "एकदा लग्न होऊ द्या, मग बघू," असे घरचे म्हणतात.