खर्जाच्या रांगेतून ऐकलेले वनराज भाटिया

‘शाळेने मला काय दिले’ यावर लिहा, असं स्मरणिकेच्या संपादक मंडळाचं पत्र आलं. शिस्त, संस्कार आणि मित्र यांच्यावर बाकीचे लिहितीलच. मला शाळेने संगीतकार वनराज भाटिया दिले, तेव्हा त्यांच्याबद्दल लिहितो.

ते शाळेत कधी आले नव्हते. आले ते दूरदर्शनवरून. १९८८मध्ये श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ ही मालिका रविवारी सकाळी लागू लागली. संगीत भाटियांचं. सुरुवातीला ऋग्वेदातलं नासदीय सूक्त आणि त्याचं वसंत देवांनी केलेलं हिंदी रूप. आमच्या संगीताच्या बाईंनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते उतरवून घेतलं आणि स्नेहसंमेलनात स्वागतगीताऐवजी हेच होणार, असं जाहीर करून टाकलं. उच्चारांसाठी संस्कृतच्या सरांना तालमीला बसवलं. एरवी आवाज फुटलेल्या मुलांना समूहगायनातून वगळत. या वेळी आम्हाला मागच्या रांगेत उभं करून फक्त खालचा सा धरायला सांगितला. वर मुलींचे दोन गट, प्रत्येकाचं वेगळं चाललेलं. मुख्याध्यापक डोकावले आणि सगळी मुलं एका चालीत का गात नाहीत, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, “सर, मुलं चुकत नाहीयेत. ते तसंच बसवलंय.”

दोन सुरावटी एकाच वेळी चालू आहेत आणि तरी कानाला खटकत नाही, हे आम्हाला नवीन होतं. आपल्याकडे गायक पुढे जातो आणि पेटी किंवा सारंगी त्याच्या मागून. आवाजावर आवाज रचण्याची विद्या वेगळी, आणि ती रीतसर शिकलेला माणूस या मालिकेमागे होता, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

भाटियांचा जन्म ३१ मे १९२७चा, मुंबईतला. शाळेत ते हिंदुस्थानी संगीत शिकले. कुमारवयात चायकोव्स्की या रशियन संगीतकाराचा पहिला पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना, कानावर पडला आणि ओढा पाश्चात्त्य संगीताकडे गेला. इंग्रजीत एम. ए. केलं, मग लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक, तिथलं सुवर्णपदक आणि त्यानंतर पॅरिसला नादिया बूलांजे यांची शिकवणी. अमेरिकन संगीतकार आरन कोपलंड या बूलांजेबाईंचेच विद्यार्थी, पुढे फिलिप ग्लासही. एवढी तयारी झाल्यावर कुणीही तिकडेच राहिला असता. भाटिया १९५९मध्ये परत आले.

आले खरे, पण लिहिलेलं वाजवणार कोण? पाश्चात्त्य संगीत वाजवणारा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला तो २००६ साली, म्हणजे भाटिया ऐंशीच्या घरात आल्यावर. दिल्ली विद्यापीठात १९६० ते १९६५ त्यांनी पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवलं. बाकी जाहिराती. त्यांच्या जिंगल्सचा आकडा सात हजारांच्या वर सांगतात. लिरिल साबणाच्या जाहिरातीतल्या धबधब्याखालच्या मुलीमागचं संगीत त्यांचंच. मग १९७४मध्ये ‘अंकुर’ आला आणि बेनेगलांशी जोडी जमली ती जमलीच.

त्यातल्या ‘भूमिका’वर (१९७७) माझा विशेष जीव. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावर बेतलेला हा चित्रपट. त्यासाठी जुन्या बोलपटांच्या जमान्यातली वाटावीत अशी गाणी हवी होती. भाटियांनी गायला कुणाला बोलवावं? किराणा घराण्याचे फिरोज दस्तूर आणि सरस्वतीबाई राणे! पॅरिसच्या बूलांजेबाईंचा शिष्य आणि किराणा घराणं एका रेकॉर्डिंगमध्ये, याची मला अजून गंमत वाटते. आणि ही गाणी ऐकताना, मी कुठे शिकून आलोय बघा, असा भाव एकाही जागी जाणवत नाही.

पुढे गोविंद निहलानींच्या ‘तमस’साठी राष्ट्रीय पुरस्कार, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२मध्ये पद्मश्री. ती यादी कुठेही मिळेल.

जाहिराती आणि चित्रपटांत त्यांची विद्या वाया गेली, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. तसं असतं तर आमच्यासारख्या शाळेपर्यंत ती पोचलीच नसती. मात्र मैफलीसाठी लिहिलेलं मागे राहिलं, हे नाकारता येत नाही. पियानोसाठीचं ‘फँटेसिया अँड फ्यूग इन सी’ १९९९चं, म्हणजे सत्तरी उलटल्यावरचं. तंतुवाद्यांसाठीचं ‘सिन्फोनिया कॉन्चेर्टान्ते’ २००१चं. गिरीश कार्नाडांच्या नाटकावर त्यांनी ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा रचायला घेतला. जानेवारी २०१९मध्ये चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईत त्यांची ‘रेव्हरी’ ही चेलोची रचना वाजवली, तेव्हा भाटिया ९१ वर्षांचे होते. ७ मे २०२१ला ते गेले.

शाळेत आता वर्गावर्गात पडदा आणि स्पीकर आहेत म्हणे. एखाद्या ऑफ तासाला मुलांना ते फँटेसिया अँड फ्यूग ऐकवावं, अशी संगीत विभागाला विनंती. फ्यूगमध्ये एक छोटी सुरावट आधी एकटीच येते. ती संपते न संपते तोच दुसरा आवाज तीच उचलतो आणि पहिला गप्प न बसता वेगळंच काही गाऊ लागतो. तिसऱ्या मिनिटाला अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागेल. बघू दे. बंद मात्र करू नका.