अ ब क ड आणि ब्राउझर : नोंद तिसरी

धरमपेठेतल्या आमच्या मंडळाची प्रश्नमंजुषा वेबपानावर आणायचं काम या आठवड्यात बरंच पुढे सरकलं. ४० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, शेवटी उत्तरतालिका.

घोडं अडलं होतं अकराव्या प्रश्नापाशी. मध्ये उतारा येतो, तिथे यादी तुटते, आणि पुढची पुन्हा १ पासून सुरू व्हायची. यादी कितीपासून मोजायची ते सांगणाऱ्या 'स्टार्ट'मध्ये मी ११ देवनागरीत लिहिलं होतं. एचटीएमएल, म्हणजे पानाची रचना सांगणारी भाषा, तिथे फक्त इंग्रजी आकडे ओळखते. दुसरं काही दिसलं की सरळ १ धरते. आकडा इंग्रजी केला, सीएसएसमध्ये (पान दिसावं कसं ते ठरवणाऱ्या भाषेत) आकड्यांचा प्रकार 'देवनागरी' तसाच ठेवला, आणि ११ जागेवर आला. कुठून मोजायचं ते एचटीएमएल सांगते, आकडा दिसावा कसा ते सीएसएस.

पर्यायांना मात्र आपल्या शाळेतल्या तुकड्यांसारखं अ, ब, क, ड हवं होतं. तयार प्रकारांत ते नाही, म्हणून 'काउंटर-स्टाइल', म्हणजे क्रमांकांची आपली शैली, सीएसएसमध्ये स्वतः लिहिली. तिचं नावही देवनागरीत 'अबकड' ठेवता येतं, याचा फार आनंद झाला! तिची 'सिस्टिम', म्हणजे अक्षरं पुढे कशी चालवायची तो नियम, आधी 'अल्फाबेटिक' होती. चार अक्षरं संपली की ती 'अअ' छापते. आता 'फिक्स्ड' केली आहे, म्हणजे अक्षरं चारच. अक्षरामागून येणाऱ्या 'सफिक्स'मध्ये कंस. अक्षराला रंग द्यायला मजकुराआधी काही घालणाऱ्या 'बिफोर'मध्ये 'काउंटर' वापरून क्रमांक छापून पाहिला, तर कंसच गेला, कारण सफिक्स तिथे लागतच नाही. मग 'मार्कर'लाच, म्हणजे यादीच्या मूळ खुणेलाच, रंग दिला.

फायरफॉक्समध्ये काउंटर-स्टाइलची सोय २०१४ पासून आहे, क्रोममध्ये २०२१ आणि सफारीत २०२३ पासून. ती नसलेल्या जुन्या आयफोनसाठी आधीच्या ओळीत 'देवनागरी' लिहून ठेवलं, म्हणजे 'अबकड' न कळणारा ब्राउझर ते घेईल. पण मग तिथे पर्याय १, २, ३, ४ दिसणार आणि उत्तरतालिकेत 'ब'!

मला खरं खटकतं ते इथेच. अक्षरावरून संदर्भ द्यायचा असेल तर ते यादीच्या 'टाइप'ने एचटीएमएलमध्येच सांगा, असं एचटीएमएलचं मानकच म्हणतं. पण 'टाइप'मध्ये पर्याय पाचच: इंग्रजी आकडे, इंग्रजी अक्षरं नि रोमन अंक, दोन्ही लहान-मोठे. मराठीत 'ब' हा उत्तराचाच भाग आहे, तरी तो सीएसएसच्या, म्हणजे सजावटीच्या खात्यात पडतो. अशा अक्षरांसाठी मानकात जागा व्हायला हवी.

तोवर तालिकेत अक्षरासोबत उत्तरही छापतो आहे: नागपूर करार, ब) १९५३. ३१ प्रश्न झाले, नऊ उरलेत.