चार शिट्ट्या झाल्या, तरी डाळ कच्चीच

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'चार शिट्ट्या केल्या तरी तूरडाळ शिजत नाही, कुकर बिघडलाय का?' हा प्रश्न मला वरचेवर येतो. कुकर बहुधा ठणठणीत असतो. खोट असते पाण्यात, डाळीच्या वयात किंवा घाईनं घातलेल्या चिंचेत.

न शिजलेल्या डाळीचा दाणा चिमटीत दाबून बघा. कडा मऊ लागतात, पण मधे कणी राहते. दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थानं चिकटलेल्या असतात. गरम पाण्यात हे पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि रवी फिरवली की वरण एकजीव होतं. आंबट पाण्यात मात्र पेक्टिन लवकर सुटत नाही. म्हणून आमटीत चिंच, आमसूल, टोमॅटो घालायचे ते डाळ शिजल्यावरच. आपल्या आज्यांनी पेक्टिनचं नावही न ऐकता हा नियम पाळला, आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. मिठाला मात्र उगाच दोष दिला जातो. डाळ नरम व्हायला ते आड येत नाही. कडधान्यं मिठाच्या पाण्यात भिजवली तर उलट लवकर मऊ होतात.

बोअरचं पाणी वापरत असाल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला आणखी घट्ट बांधून ठेवतं. ज्या भांड्यात रोज पाणी उकळता त्याच्या तळाशी पांढरा थर धरतो ना, ते बरंचसं हेच कॅल्शियम. त्यामुळे पाणी उकळून, निवळू देऊन, वरचंवरचं घेतलं तर फरक पडतो. जुन्या डाळीत तर हे कॅल्शियम आतूनच येतं. दमट, उबदार जागी महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या डाळीत फायटेट (दाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवणारं फॉस्फरसचं संयुग) फुटतं, त्यातलं कॅल्शियम मोकळं होऊन पेक्टिनला जाऊन मिळतं. अशी डाळ कितीही भिजवा, वेळ घेतेच.

आता शिट्ट्या. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळतं; उंचावरच्या महाबळेश्वरला तर साधारण ९५-९६ वरच. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, आणि पेक्टिन कितीतरी वेगानं सुटतं. पण शिट्टी म्हणजे फक्त जास्तीची वाफ बाहेर पडणं. मोठ्या आचेवर चार शिट्ट्या बघता बघता होतात, डाळीला मात्र वेळच मिळत नाही. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करा आणि घड्याळाकडे बघा: भिजवलेल्या तूरडाळीला दहा-बारा मिनिटं पुरतात. पाण्यात चमचाभर तेल टाका, फेस कमी होतो आणि वाफेची वाट तुंबत नाही.

खायचा सोडा घालावा का? त्यानं डाळ झटकन मऊ होते हे खरं, पण बी-१ जीवनसत्त्व जातं आणि चवही साबणासारखी येते. मी घालत नाही.

बटाट्याच्या रश्श्यात फोडी अख्ख्या राहायला हव्या असतील तर हेच उलटं करा, टोमॅटो आधी घाला. पेठा करणारेही कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात ठेवतात ते याचसाठी: चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनला धरून ठेवतं, आणि पाकात उकळूनही फोड मोडत नाही.