टेम्पलहोफ, टेगेल आणि मतपत्रिकेवरची एक ओळ

बर्लिनमध्ये विमानतळांच्या भवितव्यावर तीन वेळा सार्वमत झालं. २००८ आणि २०१४ मध्ये टेम्पलहोफवरून, २०१७ मध्ये टेगेलवरून. पडलेली मतं मोजली तर तिन्ही वेळा ‘हो’चंच पारडं जड होतं. सरकारचे हात बांधले गेले ते मात्र एकदाच, २०१४ मध्ये. असं का झालं, हे पक्षांच्या भाषणांतून कळत नाही. त्यासाठी मतपत्रिकेवर नेमकं काय छापलं होतं आणि मतदान कोणत्या रविवारी ठेवलं होतं, ते बघावं लागतं.

सुरुवात १९९६ ची. केंद्र सरकार, बर्लिन आणि शेजारचं ब्रांडेनबुर्ग राज्य यांनी मिळून ठरवलं की राजधानीसाठी शहराच्या वेशीबाहेर शोनेफेल्डला एकच मोठा विमानतळ करायचा आणि शहरातले दोन्ही, टेम्पलहोफ आणि टेगेल, बंद करायचे. तेव्हाचे बर्लिनचे महापौर एबरहार्ड डीपगेन सीडीयू या उजवीकडे झुकलेल्या पक्षाचे. २००६ मध्ये केंद्रीय प्रशासकीय न्यायालयाने नव्या विमानतळाला मान्यता दिली तीही हे दोन बंद होणार हे गृहीत धरूनच. पुढे सीडीयू विरोधी बाकांवर गेला, आणि २००८ मध्ये ‘टेम्पलहोफ चालू ठेवा’ या मोहिमेत उदारमतवादी एफडीपी पक्षाबरोबर तोच पुढे होता. स्वतःच्या महापौराने मान्य केलेली गोष्ट पक्ष बारा वर्षांत विसरतो, हे आपल्याला नवीन नाही.

२७ एप्रिल २००८ ला मतदान झालं. ‘हो’ला सुमारे ६० टक्के मतं मिळाली आणि तरी प्रस्ताव पडला. बर्लिनच्या नियमाप्रमाणे नुसतं बहुमत पुरत नाही, एकूण मतदारांपैकी निदान २५ टक्क्यांनी ‘हो’ म्हणावं लागतं. इथे आकडा २१.७ वर थांबला. पश्चिम बर्लिनमध्ये टेम्पलहोफ म्हणजे १९४८-४९ च्या सोव्हिएत नाकेबंदीत विमानांनी आणलेला कोळसा आणि पीठ, म्हणून तिथे उत्साह होता. पूर्वेकडे ही आठवण कुणाची नव्हतीच, तिथे लोक घरी बसले किंवा ‘नाही’ म्हणाले. त्या रविवारी दुसरी कोणतीही निवडणूक नव्हती. अशा अटीत घरी बसलेला मतदार विरोधी मतासारखाच मोजला जातो, त्यामुळे सरकारला प्रचारापेक्षा शांतता जास्त उपयोगी पडते. शिवाय तो प्रस्ताव जिंकला असता तरी बंधनकारक नव्हता. तो ‘सरकारने असं करावं’ अशा स्वरूपाचा ठराव होता, आणि महापौर क्लाउस वोवेराइट यांनी निकाल काहीही लागला तरी विमानतळ बंद होणार हे आधीच सांगून टाकलं होतं. ३० ऑक्टोबर २००८ ला टेम्पलहोफ बंद झाला. ८ मे २०१० ला मैदान लोकांसाठी उघडलं: सुमारे ३०० हेक्टर, महालक्ष्मी रेसकोर्सच्या तिपटीहून थोडं जास्त, तेही शहराच्या मधोमध.

पुढच्या मोहिमेने, ‘१०० टक्के टेम्पलहोफ मैदान’ने, हा धडा नीट गिरवला. त्यांनी ठराव मांडला नाही, कायद्याचा मसुदा कलमांसकट लिहिला. बर्लिन हे शहर असलं तरी राज्यही आहे, म्हणून तिथे लोकांना सार्वमताने राज्याचा कायदा थेट करता येतो. त्याच्या पायऱ्या अशा: आधी २० हजार सह्या. मग चार महिन्यांत मतदारांच्या ७ टक्के सह्या, म्हणजे त्या वेळी साधारण १ लाख ७४ हजार. आणि शेवटी मतदान, त्यात बहुमत अधिक ती २५ टक्क्यांची अट.

सगळ्यात जास्त घसरण होते ती मधल्या पायरीवर. सहीच्या कागदावर एका ओळीत नाव, जन्मतारीख, पत्ता, सहीची तारीख आणि सही असते. माणूस मतदार नसेल, बर्लिनमध्ये त्याच्या मुख्य निवासाची नोंद नसेल, अक्षर लागत नसेल किंवा त्याने दोनदा सही केली असेल, तर ती ओळ बाद. जर्मन नागरिकत्व नसलेला शेजारी तीस वर्षं त्याच गल्लीत राहत असला तरी त्याची सही धरत नाहीत. टेम्पलहोफला लागून असलेल्या नॉयकोल्नसारख्या भागात हे फार जाणवतं, कारण मैदान रोज वापरणाऱ्यांत असे लोक खूप. जानेवारी २०१४ मध्ये सुमारे २ लाख ३३ हजार सह्या जमा झाल्या, तपासणीत १ लाख ८५ हजार उरल्या. पाचातली एक गेली! हव्या तेवढ्याच सह्यांवर थांबले असते तर मोहीम तिथेच संपली असती. अशा कामात निदान एक तृतीयांश जास्तीच्या सह्या हाताशी ठेवायच्या, हा हिशेब या आकड्यांतूनच निघतो.

दुसरी जिंकलेली गोष्ट म्हणजे तारीख. २५ मे २०१४, युरोपियन संसदेच्या निवडणुकीचा दिवस. लोक तसेही केंद्रावर येणार होते. ४६ टक्के मतदान झालं, ६४ टक्के ‘हो’ म्हणाले, आणि एकूण मतदारांशी हे प्रमाण २९.७ टक्के भरलं. कायदा मंजूर झाला.

त्याच मतपत्रिकेवर सत्ताधारी युतीचाही मसुदा होता: एसपीडी (सोशल डेमोक्रॅट, वोवेराइट यांचा पक्ष) आणि पुन्हा सत्तेत आलेला सीडीयू. कडेच्या भागात सुमारे ४,७०० घरं, एक मध्यवर्ती ग्रंथालय आणि मधलं २३० हेक्टर मैदान सुरक्षित, असा सरकारचा बेत. माझ्या मते बेत वाईट नव्हता. बर्लिनची घरटंचाई खरी आहे, आणि ३०० हेक्टरांच्या कडा तशाच सोडणं हा महागडा निर्णय आहे. पण मसुद्यात फट होती. किती घरं परवडणाऱ्या भाड्याची असतील, हे भाषणांत होतं, कलमात नव्हतं. ग्रंथालयासाठी २७ कोटी युरोंचा आकडा बोलला जात होता, तोही अशा वेळी की शोनेफेल्डचा नवा विमानतळ २०१२ मध्ये उद्घाटनाला चार आठवडे उरले असताना पुढे ढकलला गेला होता आणि खर्च फुगतच होता. त्याच वोवेराइट सरकारने ‘विश्वास ठेवा’ म्हटल्यावर लोकांनी ठेवला नाही. ग्रीन पक्ष आणि डावा पक्ष डी लिंके विरोधात होते, त्यांनी मोहिमेला पाठिंबा दिला. नगरविकास खात्याचे मंत्री मिषाएल म्युलर हे या बेताचा चेहरा होते. बेत पडला, पण त्याच वर्षी डिसेंबरात ते महापौर झाले. पक्षांतर्गत गणित आणि सार्वमताचं गणित किती वेगळं चालतं ते इथे दिसतं.

मंजूर झालेला कायदा वाचण्यासारखा आहे. त्यात मैदानाचे दोन भाग केले आहेत. मधलं गवताळ रान आणि त्याभोवतीचं कडं. मध्ये जवळजवळ काहीच करायचं नाही. कड्यात झाडं, बाक, स्वच्छतागृहं चालतात, पक्की इमारत चालत नाही. मधलं रान राखायचं मुख्य कारण चंडोल. हा पक्षी जमिनीवर, गवताच्या बुडाशी घरटं करतो. एकटं झाड दिसलं तरी त्यावर शिकारी पक्षी बसेल म्हणून तो त्या जागेपासून लांब राहतो. म्हणून विणीच्या हंगामात तिथे तात्पुरतं कुंपण लागतं, कुत्री आत सोडायची नसतात, आणि गवत पिल्लं उडाल्यावरच कापायचं. जुनी भव्य इमारत या कायद्यात येत नाही. तिच्या दुरुस्तीचा प्रश्न वेगळाच चालू आहे.

आता या कायद्याची कमजोर बाजू. लोकांनी केलेला असला तरी तो राज्याचा साधा कायदा आहे, आणि बर्लिनची विधानसभा तो साध्या बहुमताने बदलू शकते. २०१५ मध्ये निर्वासितांची रांग लागली तेव्हा हँगरमध्ये खाटा मांडल्या गेल्या, आणि जानेवारी २०१६ मध्ये एसपीडी-सीडीयूने कायद्यात दुरुस्ती करून कडेच्या भागात २०१९ अखेरपर्यंत तात्पुरत्या निवाऱ्याला परवानगी घेतली. गरज खरीच होती. पण दुरुस्तीचं दार किती सहज उघडतं हेही त्याच दिवशी कळलं. आपल्याकडे विकास आराखड्यातल्या मैदानाच्या आरक्षणावर महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल येतो, हरकती-सूचना मागवल्या जातात आणि बहुतेकांना जाहिरात छापून गेल्यावर कळतं. बर्लिनमध्ये फरक इतकाच की बदल करायचा तर आमदारांना सभागृहात उघडपणे हात वर करावा लागतो. हा फरक लहान नाही.

टेगेलची गोष्ट नेमकी उलटी. २०१६ च्या बर्लिन विधानसभा निवडणुकीत एफडीपीने ‘टेगेल चालू ठेवा’ हाच मुद्दा धरला आणि ६.७ टक्के मतं घेऊन विधानसभेत परतला. २४ सप्टेंबर २०१७ ला, बुंडेस्टागच्या (जर्मन संसदेच्या) निवडणुकीबरोबर, सार्वमत झालं. तारीख उत्तम, २५ टक्क्यांची अट पुरी झाली, सुमारे ५६ टक्के ‘हो’. पण मतपत्रिकेवर पुन्हा ठरावच होता. सरकारने निवृत्त न्यायाधीशाचा अभिप्राय मागवला, त्यात हे कायद्यात बसत नाही असं आलं, आणि २०१८ मध्ये विधानसभेने मागणी बाजूला ठेवली. ८ नोव्हेंबर २०२० ला शेवटचं विमान उडालं. तिथे आता संशोधन-उद्योगांची वसाहत आणि पाच हजारांहून अधिक घरांची वस्ती उभी करायची आहे. ती जागा पूर्वी तोफखान्याच्या सरावाची, म्हणून पाया खणण्याआधी जमिनीतला दारूगोळा शोधून काढावा लागतो. वेळापत्रक अशा कामात सरकतंच.

टेम्पलहोफवर पुन्हा हालचाल सुरू झाली ती २०२३ मध्ये, महापौर काई वेगनर यांच्या सीडीयू-एसपीडी सरकारने कडेच्या घरांचा विषय परत काढला तेव्हा. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या २७५ नागरिकांची बैठक घेतली, तर त्यातल्या बहुतेकांनी बांधकाम नको म्हणून सांगितलं. कायदा उद्या बदलला तरी त्यानंतर जमीनवापर आराखडा बदलणं, प्रत्येक पट्ट्याचा बांधकाम आराखडा, त्यावरच्या हरकती, चंडोलांसाठी पर्यायी जागा, सांडपाणी आणि रस्ते, हे सगळं क्रमाने करावं लागतं. पहिल्या घराची चावी कुणाच्या हातात पडायची तर त्याआधी निदान एक विधानसभा निवडणूक होऊन जाते, आणि घरं नको म्हणणाऱ्या पक्षांच्या हाती बहुमत आलं तर तीच कलमं साध्या बहुमताने परतही येऊ शकतात.