हवेतलं नेमकं बाधतं काय?

मी काय काम करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग एकदा सांगूनच टाका, हवेतलं नेमकं वाईट काय? धूळ, धूर की वायू?" प्रयोगशाळेत प्राण्यांना दूषित हवेत ठेवून त्यांच्या शरीरात काय बदलतं ते पाहणं, हे माझं काम. विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं आणि ते मला देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून त्याचं कारण नीट सांगते.

सुरुवात मिठापासून करते. १९४८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या डोनोरा या कारखान्यांच्या गावावर धूर आणि धुकं कोंडून राहिलं आणि २० माणसं गेली. त्यानंतरच्या वर्षांत मेरी अम्डर या विषशास्त्रज्ञ गिनीपिग घेऊन आम्लाच्या धुक्याचा अभ्यास करत होत्या. त्यांचे निष्कर्ष पैसा पुरवणाऱ्या उद्योगाला रुचले नाहीत. त्या मागे हटल्या नाहीत, आणि १९५३ मध्ये हार्वर्डमधली त्यांची जागा गेली. तिथल्याच दुसऱ्या विभागात आसरा मिळाला आणि त्यांनी काम चालू ठेवलं.

१९५७ साली त्यांनी जे छापलं ते मला आजही थक्क करतं. गिनीपिगना सल्फर डायऑक्साइड दिला की श्वासनलिका आवळतात, श्वास घ्यायला जोर लागतो. मिठाचे, अगदी आपल्या खाण्यातल्या मिठाचे, सूक्ष्म कण दिले तर काहीच होत नाही. दोन्ही एकत्र दिले, तर श्वासनलिका नुसत्या वायूपेक्षा कितीतरी जास्त आवळल्या. एकट्याने आलेला हा वायू बराचसा नाकाघशाच्या ओलाव्यातच जिरतो. मिठाचा कण श्वासमार्गात ओलावा धरतो, त्या थेंबात वायू विरघळतो आणि त्याच्यासोबत खोल उतरतो. एकात शून्य मिळवलं आणि उत्तर एकापेक्षा मोठं आलं. या हिशेबात मिठाला निर्दोष म्हणायचं की दोषी?

खऱ्या हवेत अशा जोड्या शेकड्यांनी असतात. प्रत्येक जोडी तपासत बसलो तर जन्म पुरणार नाही. म्हणून उलट्या बाजूने जायचं: सगळी भेसळ जशीच्या तशी द्यायची, मग त्यातली एक गोष्ट काढून घ्यायची आणि काय थांबतं ते बघायचं.

कॅनडात हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यांजवळ उंदरांना १० आठवडे ठेवलं. काहींना तिथली हवा सरळ मिळाली, काहींना हेपा फिल्टरमधून आलेली. हा फिल्टर कण अडवतो, वायू अडवत नाही. पुढे या उंदरांची पिल्लं तपासली. २००४ साली निकाल आला: फिल्टरच्या हवेतल्या उंदरांकडून पिल्लांत उतरलेल्या जनुकीय बदलांचा दर ५२ टक्क्यांनी कमी होता. म्हणजे कणच दोषी, असं वाटतं ना?

मग अमेरिकेतल्या अल्बुकर्कीला जा. तिथल्या संशोधकांनी, रक्तवाहिन्यांत चरबी साचण्याकडे कल असलेल्या उंदरांना पेट्रोल इंजिनाचा धूर दिला. महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, भिंतीची घडण बदलणाऱ्या जनुकांची हालचाल वाढली. धुरातले कण गाळून काढले, तरी परिणाम जवळजवळ तेवढाच राहिला. इथे बोट वायूंकडे जातं. म्हणून मी उलट विचारते: तुम्हाला काळजी कशाची आहे? फुप्फुसांची, हृदयाची, की होणाऱ्या मुलांची? त्यावर उत्तर बदलतं. हवा नियंत्रणाचे नियम मात्र आजही मुख्यतः एकेका घटकाला वेगळी मर्यादा लावतात, याची मला खरोखर चिंता वाटते.

"पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे" हेही ऐकते, आणि ते रास्त आहे. मोठे उंदीर, म्हणजे रॅट, फक्त नाकाने श्वास घेतात. डिझेलचा धूर जवळजवळ आयुष्यभर भरमसाट दिल्यावर त्यांना फुप्फुसांच्या गाठी झाल्या खऱ्या. पण नुसती काजळी तेवढीच दिली तरी झाल्या. कण साफ करणाऱ्या पेशीच तिथे थकून गेल्या होत्या. २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं गेलं, तेव्हा मुख्य आधार खाणकामगारांच्या अभ्यासाचा होता.

एक गोष्ट कुणी विचारत नाही. छोट्या उंदराची महाधमनी जेमतेम मिलिमीटरभर जाडीची असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या भोवतीची चरबी चिमट्याने सोडवायची, लांबीत उभी चिरायची, काळ्या मेणावर बारीक टाचण्यांनी पसरायची आणि लाल रंगात बुडवायची. जिथे चरबी साचली तिथे लाल डाग उठतात. शुद्ध हवेच्या कक्षातल्या उंदरांचीही तशीच काढावी लागते. त्यांना कशाचाच त्रास दिलेला नसतो, पण त्यांच्याशिवाय दुसऱ्या कक्षातल्या लाल डागांना काही अर्थच उरत नाही. वहीत त्यांचे आकडे मी आधी लिहिते.