आमची वाटचाल: मुंग्यांपासून चौकोनांपर्यंत

आमची केबल टीव्हीची लाईन गावात सगळ्यात चांगली, असं मी वीस वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. तसं नव्हतं. ते कळायला 2016 चा जानेवारी उजाडावा लागला.

सुरुवात आम्ही दोघांनी केली, मी आणि माझा भागीदार. गच्चीवर डिश, जिन्याखाली कंट्रोल रूम. 1995 चा केबल कायदा आल्यावर मुख्य पोस्टात नोंदणी केली, तो कागद अजून फ्रेममध्ये आहे. चॅनल वाढला की एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर (चॅनल वायरवर चढवणारं यंत्र) वाढायचा. रॅकवर 48 झाले होते. उन्हाळ्यात एखादा मॉड्युलेटर आपल्या फ्रिक्वेन्सीवरून सरकला की शेजारच्या चॅनलवर तिरक्या रेघा यायच्या आणि भागीदार नुसत्या रेघा बघून सांगायचा, "खालून तिसरा." पुढे तो वेगळा झाला. त्यावर इथे लिहीत नाही.

मधली वर्षं बरी गेली.

2011 मध्ये कायदा बदलला: केबल डिजिटल करायची, घरोघर सेट-टॉप बॉक्स लावायचे, तेही टप्प्याटप्प्याने. चार महानगरं 2012 च्या ऑक्टोबरअखेर, 38 शहरं 2013 च्या मार्चअखेर, आणि आम्ही तिसऱ्या टप्प्यात: 31 डिसेंबर 2015. एमएसओकडे, म्हणजे आम्हाला सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीकडे, 1100 बॉक्स मागितले, आले 300. काही राज्यांत कोर्टाने मुदत वाढवली होती, त्या आशेवर मीही जरा ढिला पडलो, हे कबूल. पण पलीकडच्या वॉर्डातल्या ऑपरेटरला त्याच आठवड्यात 600 मिळाले. हा पूर्वी आमच्याकडे लाईनमन होता, कनेक्टर पिळून बसवायचा क्रिंपर धरायला मी शिकवला. त्याने आमच्याच खांबांवरून आमच्याच गिऱ्हाइकांकडे वायर ओढली. उरलेल्यांच्या घरांवर डीटीएचच्या छत्र्या उगवल्या. दोन महिन्यांत 410 कनेक्शन गेली.

आणि ज्यांना बॉक्स दिले त्यांच्याकडे चित्राचे चौकोन!

अ‍ॅनालॉग दयाळू होतं. जॉइंट गंजला, सिग्नल पडला, तर पडद्यावर मुंग्या येत. लोक कुरकुरत बघत. डिजिटलचं तसं नाही. एका हद्दीपर्यंत चित्र लख्ख, एक पाऊल खाली गेलं की चौकोन, आवाज तुटतो, मग निळा पडदा. आमच्या लाईनवर एकामागे एक 11 अ‍ॅम्प्लिफायर होते. प्रत्येक जण सिग्नलबरोबर आधीच्याचा गोंगाटही वाढवून पुढे ढकलत होता. शिवाय लांबची घरं ओरडू नयेत म्हणून आम्हीच लेव्हल, म्हणजे सिग्नलचा जोर, चढवून ठेवलेली. वीस वर्षांचं पाप बॉक्सने एका रात्रीत उघडं केलं.

तेव्हा मदतीला आले गुरुजी, आमचं पहिलं कनेक्शन. रोज संध्याकाळी सात ते नऊ कुठला चॅनल किती वेळा अडकला, हे ते वहीत मिनिटांसह मांडून ठेवत. त्या वहीवरून कळलं की पाण्याची मोटार सुरू झाली की चौकोन येतात. वायरच्या तुटक्या जाळीतून बाहेरचा गोंगाट आत शिरत होता. डीटीएचवाला त्यांच्या दारात तीनदा आला. "आमचा माणूस आहे," म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं.

मग कर्ज काढून डिजिटल सिग्नल मोजणारा क्यूएएम मीटर घेतला. जुन्या मीटरवर नुसती लेव्हल दिसायची. यावर एमईआर दिसतो, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ आहे ते. फायबर चौकापर्यंत नेला, तिथे फायबरचा सिग्नल वायरवर उतरवणारा नोड बसवला, 11 चे 3 अ‍ॅम्प्लिफायर केले. बॉक्सपाशी एमईआर 30 भरल्याशिवाय आमच्याकडे कामाला असलेला मुलगा घर सोडत नाही.

नव्या मुलांना सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी: पिळून बसवायचे कनेक्टर फेकून द्या, कॉम्प्रेशनचेच वापरा. स्प्लिटरचं रिकामं तोंड उघडं ठेवू नका, त्यावर टर्मिनेटरची टोपी लावा. गच्चीवरच्या वायरला खाली झोळ द्या, पाणी तिथून गळून जातं. आणि चौकोन आले की आधी बॉक्स बदलायला धावू नका, जॉइंट उघडून बघा.

गेलेल्यांपैकी 260 परत आले. 2019 मध्ये चॅनलनिहाय दर आले तेव्हा पुन्हा घरोघर याद्या भरत फिरलो, पण तो त्रास वेगळा.

गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या ऑपरेटरची लाईन बंद पडली. त्याने मीटर मागायला माणूस पाठवला, स्वतः आला नाही. मी दिला. चार दिवसांनी मीटर परत आला तेव्हा पुढचा कनेक्टर वाकलेला होता.