आमची वाटचाल : जुने विमान आणि त्याच्या इंजिनाचा हिशेब

गोंदिया जिल्ह्यातील आमगाव तालुक्यात आमचे वर्कशॉप १९८१ पासून चालू आहे. बाबांनी ते सुरू केले तेव्हा आसपासच्या खेड्यांतील धान भरडण्याच्या गिरण्या डिझेल इंजिनावर चालत आणि त्या इंजिनांचे बोअर, लाइनर, रिंग-पिस्टन हेच आमचे मुख्य काम होते. पुढे गिरण्यांना विजेच्या मोटारी बसल्या आणि आम्ही ट्रॅक्टर व हार्वेस्टरच्या इंजिनांकडे वळलो. हा इतिहास थोडक्यात सांगण्याचे कारण एवढेच, की विमान घेताना जे निर्णय आम्ही घेतले ते याच कामातून आलेल्या समजुतीवर घेतले आणि त्यातील काही समजुती आम्हाला सोडाव्याही लागल्या.

आमच्या भागातील बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, ब्रिटिशांनी बांधलेली आहे. पुढे तेथे वैमानिक प्रशिक्षण सुरू झाले आणि धानाच्या बांध्यांवरून लहान विमाने दिवसभर घिरट्या घालू लागली. माझ्या धाकट्या भावाने शाळकरी वयात ती पाहिली आणि पुढे विमान देखभाल अभियंत्याचा परवाना मिळवला. त्याच्या ओळखीतून आमच्या वर्कशॉपला विमाने ओढण्याचे टो-बार, जॅक आणि पंखाखाली ठेवायचे स्टँड बनवण्याची कामे मिळाली. सहा वर्षे आम्ही ती केली. प्रशिक्षण संस्थांना विद्यार्थी मिळतात, पण उडण्याजोगी विमाने कमी पडतात, हे या कामाच्या निमित्ताने आम्ही जवळून पाहिले आणि एखादे जुने विमान विकत घेऊन ते अशा संस्थेला भाड्याने द्यावे हा विचार तेथून निघाला.

सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने आपल्या वडोदऱ्याच्या रिफायनरीत तयार केलेले एव्हीगॅस, म्हणजे पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांचे पेट्रोल, बाजारात आणले. तोपर्यंत हे इंधन आयात करावे लागत असे. इंधनाचा खर्च भाडेकरू संस्थेचा असला, तरी इंधन वेळेवर मिळाले नाही तर विमान उभे राहते आणि भाडे थांबते, त्यामुळे ही बातमी आमच्यासाठी महत्त्वाची होती. मी, धाकटा भाऊ आणि आमचे एक राइस मिलमालक स्नेही, अशा तिघांनी भागीदारी केली. वर्कशॉपची जागा तारण ठेवून कर्ज काढले, कारण चाळीस वर्षांच्या विमानावर कर्ज द्यायला आम्ही गेलो ती कोणतीच बँक तयार झाली नाही.

परदेशातून विमान आणण्याचा मार्ग आम्ही सुरुवातीलाच बाजूला ठेवला आणि देशातच नोंदणी असलेली, म्हणजे व्हीटी अक्षरांची, विमाने पाहू लागलो. २०२३ च्या सुरुवातीला दोन सेसना १७२ पी समोर आली. हे मॉडेल १९८१ ते १९८६ या काळात बनले. दोन्हींमध्ये लायकॉमिंग कंपनीचे ओ-३२०-डी२जे इंजिन होते : १६० अश्वशक्ती, समोरासमोर आडवे बसवलेले चार सिलिंडर, हवेने थंड होणारे. नावातील ३२० हा आकडा घन इंचांचा, म्हणजे सुमारे सव्वापाच लिटरचा.

या इंजिनाला निर्मात्याने ओव्हरहॉलची, म्हणजे ते पूर्ण उघडून नव्याने बांधण्याची, मर्यादा दिली आहे, तिला सगळे टीबीओ (टाइम बिटवीन ओव्हरहॉल्स) म्हणतात. ती २००० तासांची किंवा १२ वर्षांची आहे आणि त्यातील जे आधी पूर्ण होईल ते धरायचे असते. अमेरिकेत खासगी मालकाला ही मर्यादा ओलांडून, इंजिनाची प्रकृती पाहत, उडता येते. आमचे विमान मात्र प्रशिक्षणाला जाणार होते आणि त्याच्या मान्य देखभाल कार्यक्रमात तास व वर्षे ही दोन्ही बंधने लिहिलेली होती.

पहिल्या विमानाचे इंजिन ओव्हरहॉलनंतर केवळ ६४० तास चाललेले होते. दुसऱ्याचे १७९० तास झाले होते. पहिल्याची किंमत दुसऱ्यापेक्षा २० लाख रुपयांनी जास्त होती आणि वरवर पाहता ती रास्तही होती. प्रोपेलर, मॅग्नेटो, होज पाइप, इंजिन माउंटचे रबर असे सगळे धरून ओव्हरहॉलचा खर्च आम्ही ३६ लाख मानला होता, म्हणजे २००० तासांवर दर तासाला १८०० रुपये. पहिल्यात १३६० तास उरले होते, त्यांचे मोल साधारण साडेचोवीस लाख. दुसऱ्यात २१० तास, त्यांचे मोल पावणेचार लाख. फरक वीस लाखांच्या थोडा वरच निघत होता आणि आमचे स्नेही पहिल्या विमानावर सही करायला तयार होते.

धाकट्याने लॉगबुकातील ओव्हरहॉलची तारीख दाखवली तेव्हा हा सगळा हिशेब कोसळला. पहिल्या इंजिनाच्या ओव्हरहॉलला ११ वर्षे होऊन गेली होती. म्हणजे तासांनी तरुण असलेल्या त्या इंजिनाकडे वर्षांच्या हिशेबाने जेमतेम एक वर्ष उरले होते. प्रशिक्षणात वर्षाला ५०० तास उडवले, तरी ५०० तासांचेच मोल आमच्या पदरी पडणार होते, म्हणजे ९ लाख. उरलेले ८६० तास आम्ही पैसे मोजून घेतले असते आणि कधीच वापरू शकलो नसतो. दोन विमानांतील खरा फरक सव्वापाच लाखांचा होता आणि विक्रेता २० लाख मागत होता. जुने विमान घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगतो, की इंजिनाचे तास विचारण्याच्या आधी ओव्हरहॉलची तारीख विचारा.

याहून मोठी अडचण कागदावर नव्हती. पहिले विमान समुद्रकाठच्या एका शहरात पाच वर्षे जवळजवळ उभेच होते. लायकॉमिंगच्या या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वर असतो. इंजिन थांबले की कॅमवरचे तेल हळूहळू खाली निथळते, आणि दमट हवेत कॅमचे लोब (उंचवटे) व त्यांवर टेकणाऱ्या टॅपेटची तोंडे गंजू लागतात. नंतर इंजिन चालू केले, की गंजाच्या त्या बारीक खड्ड्यांपासून कठीण पृष्ठभागाचे कपचे निघतात, लोब झिजतो, व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही आणि धातूचा चुरा तेलातून सगळ्या बेअरिंगांपर्यंत पोहोचतो. आमच्याकडे ट्रॅक्टर पावसाळाभर उभा राहिला तर काय होते हे मी जन्मभर पाहत आलो आहे. बाबांच्या हाताखालचे आमचे जुने मिस्त्री म्हणत, "भाऊ, चालते ते इंजन झिजते, उभं रायते ते सडते." झिजलेल्याचे माप घेता येते, सडलेले उघडल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आम्ही विक्रेत्याकडे दोन गोष्टी मागितल्या : ऑइल फिल्टर कापून पाहू द्यावा आणि एक सिलिंडर काढून कॅम पाहू द्यावा. या इंजिनात कॅम पाहण्याचा खात्रीचा मार्ग तोच आहे. फिल्टर कापला तेव्हा कागदाच्या घड्यांत चकचकीत बारीक कण दिसले आणि ते चुंबकाला चिकटले. म्हणजे ते लोखंडाचे होते; ॲल्युमिनियमच्या पिस्टनचे असते तर चिकटले नसते. सिलिंडर काढायला विक्रेत्याने नकार दिला. आम्ही तेथूनच परतलो.

दुसरे विमान आतल्या भागात, कोरड्या हवेत, दर आठवड्याला उडत आलेले होते. त्याचे ऑइल दर ५० तासांनी बदलल्याच्या नोंदी सलग होत्या. या इंजिनांचे कॉम्प्रेशन दोन गेजांनी तपासतात : सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडून आत किती टिकते ते पाहतात. चार सिलिंडरांची वाचने ७६, ७४, ७५ आणि ७२ आली. बोअरस्कोपमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आत पाहण्याच्या बारीक दुर्बिणीत, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची तोंडे एकसारख्या रंगाची दिसली, कडेला कोठे भाजल्याचा डाग नव्हता. हे इंजिन म्हातारे होते, पण रोगी नव्हते. लवकरच पूर्ण बांधावे लागणार हे ठाऊक असल्याने आम्ही तो खर्च धरूनच किंमत ठरवली आणि विमान घेतले.

उरलेले २१० तास आठ महिन्यांत संपले. मार्च २०२४ मध्ये इंजिन उतरवले तेव्हा आमच्यासमोर तीन मार्ग होते. निर्मात्याच्या कारखान्यातून रिबिल्ट इंजिन घेतले तर ते शून्य तासांचे धरले जाते आणि नवे लॉगबुक मिळते. शून्य तासांचे असे लॉगबुक देण्याचा अधिकार निर्मात्यालाच असतो. कारखान्यातूनच ओव्हरहॉल केलेले इंजिन बदली घ्यावे हा दुसरा मार्ग, त्यात जुने तास पुढे चालू राहतात. या दोन्हींत आपले जुने इंजिन परत द्यावे लागते आणि त्याचा क्रँक किंवा केस (इंजिनाचे बाहेरचे धातूचे कवच) निकामी निघाली तर जमा अनामतीतून पैसे कापले जातात. तिसरा मार्ग म्हणजे आपलेच इंजिन देशातील मान्यताप्राप्त संस्थेकडून बांधून घेणे. आमच्या वर्कशॉपला विमानाचे इंजिन बांधण्याची मान्यता नाही आणि ती नसताना त्याचा एक नटही सोडायचा नाही, हे मी पहिल्या दिवसापासून पाळले आहे.

स्नेह्यांनी चौथा मार्गही सुचवला होता : फक्त सिलिंडर काढून रिंगा आणि व्हॉल्व्ह बदलून घ्यावेत. ट्रॅक्टरच्या भाषेत हे हेडचे काम झाले. विमानात त्याला टॉप ओव्हरहॉल म्हणतात, आणि त्याने टीबीओचा काटा एका तासानेही मागे जात नाही. २००० तास पूर्ण झालेल्या इंजिनावर तो खर्च वाया गेला असता.

आम्ही तिसरा मार्ग घेतला, कारण आपल्या इंजिनाचा पूर्ण इतिहास आपल्या हाती होता. येथे माझ्या धंद्याची एक समजूत मला सोडावी लागली. आम्ही ट्रॅक्टरचा क्रँक १० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासतो, पुढच्या वेळी २०, मग ३०, आणि तितक्या अंडरसाइजची बेअरिंगे टाकतो. लायकॉमिंगच्या क्रँकला ३, ६ किंवा १० थाऊ एवढीच मुभा आहे, आणि त्याचा पृष्ठभाग नायट्राइड करून कठीण केलेला असल्याने जास्त घासला तर ते कठीण कवचच निघून जाते. रिंगा, बेअरिंगे, सील, गॅस्केट आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट-नट कितीही चांगले दिसले तरी टाकून द्यावेच लागतात. चांगला बोल्ट भंगारात टाकताना आमच्या कारागिराचा हात थबकला असता. तेथे त्याचा विचारच करायचा नसतो.

क्रँक आणि कॅम वापरण्याजोगे निघाले. मात्र रंगद्रव्याच्या तपासणीत केसच्या एका अर्ध्या भागावर, सिलिंडरच्या बैठकीजवळ, तडा सापडला. अंदाजपत्रकात "केस सुस्थितीत असल्यास" असे लिहिलेले होते आणि ते वाचूनही मी त्यासाठी एक रुपयाही बाजूला ठेवला नव्हता. ही चूक माझी होती. दुसरी केस परदेशातून यायला अकरा आठवडे लागले. एक गोष्ट पथ्यावर पडली : १५ जुलै २०२४ पासून विमानाच्या सुट्या भागांच्या आयातीवर एकसमान ५ टक्के आयजीएसटी लागू झाला. त्याआधी भागाच्या वर्गीकरणानुसार दर बदलत असे. तरीही ३६ लाखांचा अंदाज ४२ लाखांवर गेला, आणि विमान सात महिने उभे राहिल्याने बुडालेले भाडे त्यात धरलेले नाही. त्या काळातील कर्जाचे हप्ते ट्रॅक्टरच्या कामातून भरले. ते वर्कशॉप पाठीशी नसते तर आम्हाला विमान विकावे लागले असते.

ऑक्टोबरमध्ये इंजिन परत बसले. नवे बांधलेले ट्रॅक्टरचे इंजिन आम्ही सुरुवातीला हलक्या भारावर चालवतो. येथे नेमके उलटे करायचे असते : सुरुवातीचे तास ६५ ते ७५ टक्के शक्तीवर उडवायचे, जमिनीवर उगाच चालवत ठेवायचे नाही आणि साधे मिनरल ऑइल घालायचे, म्हणजे रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसतात. कमी शक्तीवर चालवले तर भिंतीवर तेलाचा चकाकता थर चढतो आणि मग रिंगा कधीच बसत नाहीत. धाकट्याने हे मला दोनदा समजावून सांगितले, तरी पहिल्या उड्डाणाला वैमानिकाने थ्रॉटल मागे घेतला नाही तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. सुमारे तीस तासांनी ऑइलचा खप स्थिर झाला.

आता दर उड्डाण-तासाच्या भाड्यातून २१०० रुपये वेगळ्या खात्यात जातात आणि त्या खात्याला हात लावायला तिघांच्याही सह्या लागतात. हे लिहिताना इंजिनाचे ५८० तास झाले आहेत आणि खात्यात १२ लाख १८ हजार जमा आहेत. केसमध्ये तडा निघण्यासारख्या खर्चासाठी निराळी रक्कम अजून उभी राहिलेली नाही, ती या हंगामातील हार्वेस्टरच्या कामातून काढायची आहे. मागच्या शंभर तासांच्या तपासणीत तिसऱ्या सिलिंडरचे वाचन ७६ वरून ७३ वर आले. हा फरक मोठा नाही, पण बाकीचे तीन सिलिंडर जागचे हललेले नाहीत, म्हणून त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुढच्या तपासणीची वाट न पाहता येत्या पन्नास तासांच्या ऑइल बदलाच्या वेळीच बोअरस्कोपने पाहायचा असे धाकट्याने ठरवले आहे.